कच्चं कालव आणि सव्वातीनशे किलोमीटर

चाळीसगावात समुद्र दोन वाटांनी येतो. जुनी वाट आठवडे बाजाराची. पोत्यावर ढीग घालून विकले जाणारे सुके बोंबील, सुकट, जवळा. किनाऱ्यावर उन्हात वाळलेला हा माल खान्देशात पिढ्यान्‌पिढ्या पोचतो आहे आणि कळण्याच्या भाकरीबरोबर त्याची चटणी आजही होते. नवी वाट थर्माकोलच्या खोक्यांची. त्यातून बर्फात गाडलेले बांगडे, सुरमई, पापलेट येतात. बाकी ताजा मासा म्हणायचा तो गोड्या पाण्याचा: धरणातले रोहू, कटला, चिलापी, नशीब असेल तर मरळ किंवा वाम. या यादीत कालव कुठेच नाही.

काळ्या मसाल्याच्या मटणावर वाढलेल्या या गावातल्या एखाद्या हॉटेलात उद्या कुणी बर्फाच्या थाळीवर अर्धा डझन कालवं उघडून आणली, शेजारी लिंबाची फोड ठेवली, तर पहिला प्रश्न ठरलेला: "हाई काय शे भो?" दुसरा, हे असंच कच्चं खायचं? तिसरा प्रश्न विचारणारा गिऱ्हाईक विरळा, पण खरा जाणकार तोच: हे आलं कुठून?

लांबून आलं म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. मुंबई ते चाळीसगाव रेल्वेने साधारण सव्वातीनशे किलोमीटर, मेल-एक्स्प्रेसने पाच-सहा तास. कालवाला एवढा वेळ म्हणजे काहीच नाही. ओहोटीच्या वेळी तासन्‌तास कोरड्या खडकावर काढायची त्याला जन्माची सवय. पाणी हटलं की ते दोन्ही शिंपले घट्ट मिटतं, आत चमचाभर खारं पाणी धरून ठेवतं आणि प्राणवायू न वापरता शरीराचा गाडा संथपणे चालू ठेवतं. थंड प्रदेशातलं कालव गार, दमट जागी ओल्या गोणपाटाखाली आठवडाभरही जिवंत राहतं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रेल्वेचे फाटे फुटत गेले तशी किनाऱ्यावरची कालवं बर्फात भरून आतल्या गावांत जाऊ लागली. अटलांटिकपासून हजारभर किलोमीटरवर असलेल्या शिकागोत ती चवीने खाल्ली जात होती. बाल्टिमोरच्या कारखान्यांनी तर ती डबाबंद करून आणखी आत पाठवली. या हिशेबाने मुंबई-हावडा मार्गावरचं आणि धुळ्याचा फाटा फुटणारं चाळीसगाव जंक्शन कधीच कालवं खाणारं गाव व्हायला हवं होतं.

मुंबईच्या गाडीची वाट पाहण्यात तर हे गाव मुरलेलं आहे. स्टेशनजवळच्या बंगल्यात राहिलेले प्रसिद्ध छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) मुंबईहून येणाऱ्या रात्रीच्या गाडीच्या वेळी दोघांचं जेवण मांडून ठेवत, अशी आख्यायिका इथे सांगतात. पाहुणी आली नाही. कालवंही आली नाहीत, पण त्याचं कारण बरंच कमी काव्यमय आहे. आपल्याकडे बहुतेक कालव किनारा सोडण्याआधीच शिंपल्यातून सुटलेलं असतं.

कोकणच्या आणि मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर हे काम मुख्यतः बायकांचं. अष्टमीच्या आसपासच्या भांगाला पाणी फार उतरत नाही. पुनवेच्या आणि अवसेच्या उधाणाला मात्र समुद्र जितका वर चढतो तितकाच मागेही सरकतो. मुंबईत अशा दिवसांत भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या घरात जातो, आणि एरवी पाण्याखाली असणारी खडपं दोन-तीन तासांसाठी उघडी पडतात. त्यांवर कालवांचा थर चिकटलेला असतो: करडा, खडबडीत, कडा ब्लेडसारख्या. उकिडवं बसायचं, टोकदार लोखंडी हत्याराने वरच्या शिंपल्याच्या सांध्यावर नेमका घाव घालायचा. झाकण उडतं, खालचा शिंपला खडकावरच राहतो. मग त्याच टोकाने आतला मऊ गर उचलून पाण्याच्या डब्यात टाकायचा. पुढच्या कालवावर घाव. बोटं कापतात, कंबर धरते, आणि पाणी परत चढायला लागलं की काम आपोआप थांबतं. बाजारात येतात ती ही अशी सोललेली, पाण्यात पोहणारी, वाट्यावर विकली जाणारी कालवं. घरी नेऊन कवचाची कच निघेपर्यंत ती धुवायची आणि चुलीवर चढवायची.

ही पद्धत शिजवून खाणाऱ्यांची आहे आणि त्या कामाला ती चोख आहे. कच्चं खायचं तर मात्र ती मुळातच चुकते. कच्चं कालव खाणाराच्या पुढ्यात येईपर्यंत मिटलेलं आणि जिवंत असावं लागतं. एकदा सोलून पाण्यात टाकलं की ते मेलं, त्याचं स्वतःचं खारं पाणी गेलं, आणि डब्यातल्या पाण्यात जे काही असेल ते त्याच्या अंगाला लागलं. खडकाशी एकजीव झालेलं खडकी कालव अखंड सुटवणं हेही कष्टाचंच. कच्चं कालव ताटात वाढायची रीत मराठी स्वयंपाकात रुजली नाही, यामागे सोवळ्या-ओवळ्यापेक्षा हा व्यवहार जास्त असावा.

कालवाचा अभ्यास आपल्याकडे झाला नाही असं मात्र नाही. १९३१ साली मुंबईचे प्राणिशास्त्रज्ञ पी. आर. आवटी आणि त्यांचे सहकारी एच. एस. राय यांनी भारतीय प्राणिशास्त्रीय ग्रंथमालेत याच खडकी जातीवर एक अख्खी पुस्तिका लिहिली आणि तिला मुंबईचं कालव असंच म्हटलं. स्नायू, कल्ले, चेतासंस्था, प्रजनन, सगळं त्यात आहे. त्याखेरीज खाड्यांच्या मचूळ पाण्यात वाढणाऱ्या मोठ्या आकाराच्या जाती आहेत. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या खाड्यांत त्या सापडतात आणि शेतीला त्याच सोयीच्या पडतात.

कालव आयुष्यात एकदाच घर निवडतं. अंड्यातून निघालेलं पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतं, मग एखादा खडक, खुंट किंवा जुना शिंपला पसंत करून डाव्या शिंपल्याने त्याला चिकटतं. त्यानंतर हलणं नाही. अन्न शोधायला जाता येत नाही, म्हणून ते अन्न आपल्याकडे ओढतं. कल्ल्यांवरच्या सूक्ष्म केसांनी पाण्याचा प्रवाह आत घ्यायचा, त्यातले शैवालाचे कण गाळायचे आणि पाणी बाहेर सोडायचं. परिस्थिती अनुकूल असेल तर पूर्ण वाढलेलं एक कालव दिवसाला १९० लिटरपर्यंत पाणी गाळू शकतं.

कच्च्या कालवाची सगळी मजा या गाळणीत आहे, आणि सगळा धोकाही. खारटपणा येतो तो त्या जागच्या पाण्याचा. मागून येणारा गोडवा ग्लायकोजेनचा, म्हणजे कालवाने अंगात साठवलेल्या पिठूळ साखरेचा. जिभेवर रेंगाळणारी भरीव चव ग्लुटामेटसारख्या अमिनो आम्लांची. कुठे काकडीचा वास, कुठे तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यासारखी झाक. म्हणूनच फ्रान्समध्ये आणि अमेरिकेत कालवं खाडीच्या नावाने विकली जातात, जशी आपल्याकडे जळगावची केळी. एकाच जातीची कालवं दोन खाड्यांत वाढवली तर दोन चवींची निघतात. रसिक ती न चावता गिळतो, हा सिनेमांनी पसरवलेला गैरसमज. दोन-तीनदा चावल्याशिवाय गोडवा उतरतच नाही, नुसतं खारं पाणी प्यायल्यासारखं होतं.

पण खाडीत गावाचं सांडपाणी येत असेल तर कालव तेही तितक्याच निष्ठेने गाळतं.

इंग्लंडला हे १९०२ मध्ये कळलं. नोव्हेंबर महिन्यात विंचेस्टर आणि साउदॅम्प्टन या शहरांत नगराध्यक्षांच्या मेजवान्या झाल्या. दोन्हीकडे एम्सवर्थ गावची कालवं होती आणि एम्सवर्थची गटारं कालवांच्या वाफ्यांवरच सुटत होती. पाहुण्यांना विषमज्वर झाला. मरण पावलेल्यांत विंचेस्टरच्या कॅथेड्रलचे डीनही होते. एम्सवर्थचा धंदा त्यात बुडाला. अमेरिकेत १९२४-२५ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क, शिकागो आणि वॉशिंग्टनमध्ये तेच घडलं: सुमारे १,५०० जणांना विषमज्वर, १५० मृत्यू. त्या धक्क्याने १९२५ मध्ये तिथे शिंपल्यांच्या स्वच्छतेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि त्यातून पुढे आजची चिठ्ठीची पद्धत घडली. कालवांच्या प्रत्येक गोणीला एक चिठ्ठी: कुणी काढली, कोणत्या पाण्यातून, कोणत्या तारखेला. गोणी रिकामी झाली तरी हॉटेलवाल्याने ती ९० दिवस जपून ठेवायची. काविळीसारखे काही आजार उगवायला आठवडे लागतात. तोपर्यंत खाणारा काय खाल्लं ते विसरलेला असतो, चिठ्ठी विसरत नाही.

चिठ्ठी नसली की काय होतं याचं सर्वांत मोठं उदाहरण १९८८ चं शांघाय. सांडपाण्याने दूषित झालेल्या पाण्यातले शिंपले अर्धेकच्चे खाल्ल्याने जवळजवळ तीन लाख लोकांना 'अ' प्रकारची कावीळ झाली.

युरोपात आज शिंपल्यांचं पाणीच वर्गवार लावलेलं असतं. शंभर ग्रॅम मांसात ई. कोलाय जिवाणूंचं प्रमाण २३० च्या आत राहत असेल तर ते पाणी 'अ' वर्गाचं, तिथली कालवं थेट ताटात. त्याखालच्या 'ब' वर्गातली कालवं आधी स्वच्छ पाण्याच्या टाक्यांत ठेवायची. अतिनील किरणांखालून फिरवलेलं समुद्राचं पाणी दीड-दोन दिवस त्यांच्यातून जाऊ दिलं की पोटातली घाण ती स्वतःच टाकून देतात. जिवाणूंवर ही युक्ती चांगली चालते. नोरोव्हायरससारखे विषाणू मात्र आतड्याला चिकटून बसतात आणि टाकीला सहजासहजी दाद देत नाहीत.

इथवरचा सगळा गुन्हा माणसाच्या गटाराचा. दुसरा शत्रू समुद्राचाच रहिवासी आहे आणि आपल्याला त्याचीच जास्त काळजी करायला हवी. व्हिब्रिओ कुळातले जिवाणू कोमट, खाऱ्या पाण्यात आपसूक वाढतात. पाणी कितीही स्वच्छ असो, ते तिथे असतात. यांतला एक १९५० मध्ये जपानच्या ओसाका भागात उजेडात आला. बारीक मासळी खाऊन २७२ लोक आजारी पडले, २० दगावले, आणि त्सुनेसाबुरो फुजिनो यांनी त्यातून नवा जिवाणू वेगळा केला. त्याचा भाऊबंद व्हिब्रिओ व्हल्निफिकस विरळा, पण भयंकर. तो अंगात भिनला की साधारण पाचांतला एक रोगी दगावतो. यकृताचा आजार असलेल्यांना त्याचा धोका कितीतरी पटींनी जास्त. कॅलिफोर्नियाने २००३ मध्ये मेक्सिकोच्या आखातातली उन्हाळी कालवं प्रक्रियेशिवाय विकायला बंदी केली आणि त्यानंतर तिथले अशा कालवांमुळे होणारे मृत्यू जवळपास थांबले.

पाश्चात्त्यांचा एक जुना नियम आहे: मे ते ऑगस्ट कालवं खाऊ नयेत. त्यांच्याकडे तो काळ उन्हाळ्याचा, पाणी तापण्याचा आणि कालवांच्या विणीचा. विणीला आलेलं कालव दुधाळ, पिळपिळीत होतं, त्यामुळे चवीच्या दृष्टीनेही नियम बरोबर. तोच नियम उचलून इथे लावण्यात अर्थ नाही. कोकणचं पाणी वर्षभर पंचवीस-तीस अंशांच्या आसपास असतं. व्हिब्रिओला सुट्टी अशी नाहीच. पावसाळ्यात नद्या फुगून खाड्यांचं मीठ उतरतं, गाळ येतो, गावोगावची घाण वाहून येते, म्हणून ते महिने आणखी वाईट. सप्टेंबर ते एप्रिलच्या यादीवर विसंबून मुंबईच्या खाडीतलं कालव कच्चं खाणारा माणूस फक्त दिनदर्शिका पाहतो आहे. मिठी नदी माहीमच्या खाडीत काय आणून ओतते हे त्याने एकदा पुलावर उभं राहून पाहावं.

मग भारतात कच्चं कालव शक्यच नाही का? आहे, पण त्यासाठी ते खडकावरून नव्हे, शेतातून यावं लागतं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात तुतिकोरिनला कालवशेतीची पद्धत बसवली. रिकाम्या शिंपल्यांना भोकं पाडून दोरीत माळा करायच्या, पिल्लं धरायच्या हंगामात त्या खाडीत सोडायच्या आणि चिकटलेली पिल्लं बांबूच्या मांडवाला टांगून वाढवायची. चारा टाकावा लागत नाही, पाणी उपसावं लागत नाही. १९९० च्या दशकात केरळच्या अष्टमुडी सरोवरात ही शेती गावकऱ्यांच्या हाती गेली. महाराष्ट्रात २०१२ मध्ये वन विभागाचा कांदळवन कक्ष स्थापन झाला. सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साथीने चाललेल्या प्रकल्पातून आणि २०१७ पासूनच्या कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजनेतून बचत गटांच्या बायकांनी कालवं, शिनाणे आणि खेकडे पाळायला घेतले. खडपावर उकिडवं बसून घाव घालणाऱ्या हातांना दोरीला लटकलेलं, सुटं, अखंड कालव मिळालं, हा त्यातला मोठा बदल. सुटं कालव मिटलेलं राहतं, टाकीत ठेवता येतं, गाडीत घालता येतं. उरते ती चिठ्ठी. पाण्याची वर्गवारी आणि तोडणीची तारीख सांगणारा कागद आपल्या मासळी बाजारात कालवाबरोबर मिळत नाही, आणि माझ्या मते मांडवांची संख्या वाढवण्याआधी त्या कागदाची सोय व्हायला हवी.

आता सगळं जुळून आलं असं धरू. शेतातलं कालव, टाकीत शुद्ध केलेलं, चिठ्ठीसह, रात्रीच्या गाडीने निघालं. चाळीसगावच्या बाजूने खरी परीक्षा इथे सुरू होते. कालव उतरल्यापासून ताटात येईपर्यंत १० अंशांच्या खाली राहायला हवं आणि मे महिन्यात इथे पारा ४४-४५ वर असतो. फलाटावर खोकं तासभर उन्हात राहिलं तर व्हिब्रिओला तेवढं पुरतं. अनुकूल उष्णतेत तो दहा-बारा मिनिटांत दुप्पट होतो. बर्फ हवा, पण वितळलेल्या गोड्या पाण्यात कालव बुडता कामा नये, त्यात ते मरतं. हवाबंद पिशवीतही गुदमरतं. म्हणजे खालून पाणी झिरपून जाईल असं खोकं, वर ओलं फडकं, आणि ज्या हॉटेलात वीज जाते तिथे चालू स्थितीतलं जनित्र. हौसेच्या मानाने यादी लांबते खरी.

ताटापाशी आल्यावरही डोळे उघडे ठेवावेत. मिटलेलं कालव हाताला जड लागतं. किंचित उघडं असेल तर टिचकी मारावी. जिवंत असेल तर मिटतं, मिटलं नाही तर फेकावं. उघडायचं ते गिऱ्हाईक आल्यावरच. खोलगट शिंपला खाली धरून जाड फडक्यात पकडायचं, आखूड बोथट सुरीचं टोक मागच्या सांध्यात रुतवून किल्लीसारखं पिळायचं. 'कट्ट' झालं की सुरी वरच्या शिंपल्याला घासत नेऊन एकमेव स्नायू कापायचा, झाकण काढायचं, मग तोच स्नायू खालून सोडवायचा. आतलं पाणी सांडता कामा नये. गर फुगीर, ओलसर, तकतकीत दिसावा आणि वास ओहोटीच्या खडपाचा यावा. गंधक किंवा नासका वास आला तर चर्चा नको. लिंबू पिळा, हिरवी मिरची चिरून घाला, वर घोटभर काहीही घ्या, यांतलं काहीच जिवाणू मारत नाही. लिंबाचं काम चवीपुरतं. गर्भवती, लहान मुलं, म्हातारी माणसं, मधुमेही आणि यकृताचे रोगी यांनी चिठ्ठी असली तरी कच्च्याच्या वाटेला जाऊ नये.

यांतली एकही कडी निसटली असेल, तर कालवाला विस्तवच बरा. सोललेली कालवं निदान तीन मिनिटं उकळावीत किंवा कडकडीत तेलात तेवढीच तळावीत. शिंपल्यासकट उकळली तर तोंडं उघडल्यानंतर आणखी तीन ते पाच मिनिटं. जी उघडली नाहीत ती टाकून द्यावीत. गोव्याची रव्यात घोळवून तळलेली कालवं आणि मालवणी घरातलं कालवांचं सुकं या हिशेबात नेमकं बसतं. चाळीसगावच्या आचाऱ्याने ते करायला घेतलं तर काळ्या मसाल्याला मात्र हात आखडावा, नाहीतर कालव आणि वांगं एकच लागेल. लसूण-मिरचीचं वाटण, दोन आमसुलं आणि उतरवताना मूठभर ओलं खोबरं पुरे. मीठ चव पाहिल्यावरच घालावं, कारण खाडीचं मीठ कालवात आधीच असतं.